पोस्टमन्स पार्क: लंडनमधल्या एका भिंतीची पार्श्वभूमी

लंडनला गेलेला माणूस सेंट पॉल्स कॅथेड्रलचा घुमट पाहतोच. तिथून उत्तरेला पाचेक मिनिटं चाललं की पोस्टमन्स पार्क ही छोटी बाग लागते. तिच्यात लाकडी छपराखाली एक भिंत आहे आणि भिंतीवर चिनी मातीच्या फरशांचे फलक, दुसऱ्याला वाचवताना जीव गमावलेल्या साध्या माणसांच्या आठवणीचे. मला विचाराल तर त्या शहरात वेळ काढून पाहावं असं दुसरं स्मारक नाही.

ही जागा मुळात सेंट बोटॉल्फ चर्चची दफनभूमी. जागा अपुरी पडू लागली, तशी प्रेतं खोल न पुरता वरच ठेवून माती लोटली जायची. म्हणून बागेची जमीन आजही शेजारच्या रस्त्यापेक्षा उंच आहे. 1880 मध्ये इथे बाग झाली. जवळच टपाल खात्याचं मुख्यालय होतं. दुपारच्या सुट्टीत तिथले पोस्टमन इथे येऊन बसायचे, त्यावरून हे नाव पडलं.

भिंतीची गोष्ट सुरू होते 1887 मध्ये. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला 50 वर्षं झाली म्हणून देशभर समारंभ चालले होते. चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांनी 'द टाइम्स'ला पत्र लिहून सुचवलं, की दुसऱ्याला वाचवताना जीव गमावलेल्या साध्या माणसांचं स्मारक या निमित्ताने उभारा. वॉट्स स्वतः पियानो बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा, आणि सरदारकीची पदवी दोनदा नाकारलेले गृहस्थ.

पत्रात त्यांनी उदाहरण दिलं होतं अ‍ॅलिस एअर्सचं. ही गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मजुराची मुलगी, बहिणीच्या घरी राहून तिची मुलं सांभाळायची. खाली तेल-रंगाचं दुकान, वर घर. 1885 च्या एप्रिलमध्ये रात्री दुकानाला आग लागली. खाली जमलेले लोक 'उडी मार' म्हणून ओरडत होते. अ‍ॅलिसने आधी खिडकीतून गादी खाली फेकली, मग एकेक करून तीन भाच्यांना तिच्यावर सोडलं. स्वतः उडी घेतली तोवर अंगात त्राण उरलं नव्हतं. दोन दिवसांनी ती गेली.

सरकारने काही केलं नाही. शेवटी सेंट बोटॉल्फच्या धर्मगुरूंनी जागा दिली, खर्च वॉट्स यांनी केला आणि 30 जुलै 1900 रोजी स्मारक खुलं झालं. तेव्हा 120 फलकांची सोय होती आणि लागले होते फक्त चार! मजकूर वॉट्स यांनी जपलेल्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून तयार झाला. फलक विल्यम डी मॉर्गन यांनी घडवले, पुढचे डोल्टनच्या कारखान्यात झाले. 1904 मध्ये वॉट्स वारले; त्यांच्या पत्नी मेरी यांनी काम पुढे नेलं.

फलक वाचताना हळूहळू एक गोष्ट ध्यानात येते: नावाबरोबर त्या माणसाचं काम दिलेलं असतं. थॉमस ग्रिफिन, फिटरच्या हाताखालचा मजूर. साखर कारखान्यात बॉयलर फुटला तेव्हा सोबत्याला शोधायला परत आत गेला. मेरी रॉजर्स, 'स्टेला' जहाजावरची स्ट्यूअर्डेस. आपला लाइफबेल्ट दुसऱ्याला देऊन जहाजाबरोबर बुडाली. सारा स्मिथ, नाटकातली नटी. मैत्रिणीच्या कपड्यांनी पेट घेतला तेव्हा तो विझवताना स्वतः भाजली.

1931 नंतर फलक लागायचे थांबले. पुढचा लागला थेट 2009 मध्ये, चोपन्नावा. थेम्समीडच्या कालव्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवताना 2007 मध्ये गेलेल्या तीस वर्षांच्या तरुणाचा तो आहे. त्यावरही नावाबरोबर त्याचं काम लिहिलंय: छपाईच्या प्रती काढणारा कामगार.