दप्तर (घराण्याचे)

एखाद्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला, मुख्यतः मोडी कागदपत्रांचा संग्रह. हा शब्द फार्सी-अरबीतून मराठीत आला. त्याच्या मुळाशी ‘कमावलेले कातडे’ या अर्थाचा ग्रीक शब्द असावा, असे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. शाळकरी पोरांचे दप्तर ते हेच. कागद चौकोनी फडक्यात बांधले की त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरही रुमालांतच मोजले जाते.

घरच्या रुमालात सनदा, महजर (पंचांसमक्ष झालेले निवाडे), वाटणीपत्रे, कीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), कर्जरोखे आणि मध्येच एखादी जन्मपत्रिका किंवा लग्नखर्चाची यादी निघते. हे सारे टिकले ते हक्काच्या काळजीमुळे. १८५२ च्या अकराव्या कायद्यानंतर इनामांची चौकशी करणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे इनामदारांना आपला हक्क शाबित करावा लागला, त्यामुळे सनदेला सोन्याइतके जपले गेले. इतिहासाची ओढ त्यामानाने उशिराची. वि. का. राजवाडे यांनी अशी घरे पालथी घालून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले आणि १९१० मध्ये खं. चिं. मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले.

दप्तर लावणाऱ्याची खरी कसोटी कालनिर्णयात लागते. पत्रावर शुहूर सन (मराठी कागदपत्रांतील एक जुनी कालगणना) अरबी संख्याशब्दांत असतो : ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृगापासून सुरू होते. इसवी सनासाठी डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. सरसकट ५९९ मिळवणारा पानिपतची जानेवारी १७६१ मधील लढाई एक वर्ष मागे नेऊन ठेवील. अडचण एवढ्यावर संपत नाही. वर्ष सौर, पण ‘छ’ या खुणेने दिलेली तारीख चांद्र हिजरी महिन्याची. म्हणून मृगाच्या आगेमागे सुमारे अकरा दिवसांच्या तारखा एकाच शुहूर सनात दोनदा येतात. अशा वेळी वार दिलेला असेल तर तोच तारतो. या सनाचा उगम वादग्रस्त आहे. हिजरी ७४५ (प्रारंभ १५ मे १३४४) या वर्षी हिजरी आणि शुहूर या दोन्ही गणना जुळतात, यावरून मुहम्मद तुघलकाचे नाव घेतले जाते. मेळ गणिताने सिद्ध होतो, कर्ता नव्हे. तेव्हा ‘चौदाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास’ इतकेच म्हणणे बरे.

खाजगी दप्तराचे मोल कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावलीने (शकवार घटनांच्या नोंदींनी) दाखवून दिले. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) ही तिथी चर्चेत आली. शके १५४९ ही बखरीतील परंपरा मानणारा पक्ष पुढेही राहिला. संशोधकांचा कल मात्र शकावलीकडेच आहे.

विसाव्या शतकात, विशेषतः चित्पावन घराण्यांत, दप्तराच्या आधारे कुलवृत्तांत (घराण्याचा इतिहास व वंशावळ) छापण्याची प्रथा रुजली. हे काम बहुधा एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या अंगावर पडते : भाऊबंदांना पत्रे धाडायची, वंशावळीतल्या तुटलेल्या शाखा जुळवायच्या, दत्तकांची नोंद तपासायची. वाडा पाडायला निघाला की रुमाल माळ्यावरून खाली येतात. कागद घडीवर तुटलेले असतात, कडा कसरीने खाल्लेल्या, आणि जुन्या माणसांनी ठेवलेला वेखंडाचा एखादा तुकडा अजून आतच असतो.