सिंहाच्या कातड्यातला बर्लेस्कवाला

‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधला (१९३९) भित्रा सिंह आठवतो? डरकाळ्या फोडत येतो, नाकावर एक चापट बसताच भोकाड पसरतो आणि स्वतःच्याच शेपटीने डोळे पुसतो. ते सोंग वठवणारा बर्ट लार तेव्हा ४३ वर्षांचा होता. त्यातलं काहीही तो हॉलिवूडमध्ये शिकला नव्हता. ती सगळी बर्लेस्कची, म्हणजे अमेरिकेतल्या विनोद-नाचगाण्याच्या स्वस्त रंगमंचीय खेळांची, कमाई.

बर्लेस्क म्हटलं की आज कपडे उतरवणाऱ्या नर्तकी तेवढ्या डोळ्यांपुढे येतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लार त्यात शिरला तेव्हा मात्र त्या खेळाचा डोलारा विनोदवीरांवर उभा होता. ‘कोलंबिया’ या थिएटरांच्या साखळीला ‘व्हील’, म्हणजे चाक, म्हणत. कंपनी आठवडाभर एका थिएटरात खेळ करून पुढच्या थिएटरात सरकायची, तिच्या जागी मागची यायची. प्रवेश ठरलेले असत: कोर्ट, शाळा, दवाखाना. लिहिलेलं फारसं नसे, एकाचं ऐकून दुसरा उचलायचा. समोर ‘स्ट्रेट मॅन’ असायचा. तो गंभीर चेहऱ्याने प्रश्न टाकणार आणि विनोदवीर उत्तरात घोळ घालणार. हशा आला नाही की ती जागा गाळायची.

लार मूळचा न्यूयॉर्कचा, जर्मन-ज्यू घरातला. जन्म १८९५चा. पंधराव्या वर्षी शाळा सोडली. बर्लेस्कमध्ये तो ‘डच कॉमिक’ झाला. इथे डच म्हणजे ‘डॉइच’: जर्मन वळणाचं मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा. पुढे वॉदव्हिलमध्ये, म्हणजे सुट्या करमणुकीच्या आयटमांच्या रंगमंचीय खेळांत, मर्सिडीझबरोबर (ती नंतर त्याची पत्नी झाली) तो पोलीस रंगवायचा. १९२८च्या ‘होल्ड एव्हरीथिंग!’ने ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, त्याचं नाव झालं.

पडद्यावर मात्र त्याचं बस्तान नीट बसलं नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असलेला चेहरा कॅमेऱ्याला जड जायचा. सिंहाच्या कातड्यात तोच भडकपणा नेमका शोभला. ते कातडं खऱ्या सिंहाचं होतं, वजन जवळपास ४० किलो. त्यात टेक्निकलरच्या, म्हणजे रंगीत चित्रीकरणाच्या, दिव्यांची भट्टी. शेपूट हलायची ती वरच्या मचाणावर बसलेल्या माणसाच्या हातातल्या दोरीने. पण सिंहाच्या भूमिका निघणार तरी किती? त्याच वर्षी डिसेंबरात तो ब्रॉडवेवर परतला.

खरी गंमत पुढे आहे. जानेवारी १९५६मध्ये सॅम्युएल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक अमेरिकेत प्रथम झालं ते मायामीत, आणि त्यातल्या दोन भणंगांपैकी एक, एस्ट्रागॉन, होता लार. जाहिरात केली होती ‘दोन खंडांना हसवणारं नाटक’ अशी. हसायला आलेले बरेच प्रेक्षक मध्यंतरातच घरी गेले. लारलाही नाटकाचा अर्थ पुरता लागला नव्हता म्हणतात. पण दोन भणंग, तीन टोप्या, या डोक्यावरची त्या डोक्यावर; न निघणारा बूट; प्रश्नाला उत्तर म्हणून उलटा प्रश्न. हा सगळा बर्लेस्कचाच माल; तो त्याला कोण समजावून सांगणार? ब्रॉडवेवर, वेगळ्या दिग्दर्शकाच्या हाताखाली, त्याच भूमिकेचं कौतुक झालं. १९६४मध्ये ‘फॉक्सी’साठी टोनी हे ब्रॉडवेचं पारितोषिक मिळालं. तोवर घराघरांत तो बटाट्याच्या वेफर्सच्या जाहिरातींतून पोचलेला होता.

न्यूयॉर्कच्या बर्लेस्क थिएटरांना १९३७मध्येच टाळं लागलं होतं. महापौर ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत परवान्यांचं नूतनीकरण नाकारलं गेलं. तीस वर्षांनी त्या जुन्या जगावर ‘द नाइट दे रेडेड मिन्स्कीज’ हा चित्रपट निघाला आणि लारला निवृत्त बर्लेस्क विनोदवीराची भूमिका मिळाली. चित्रीकरण चालू असतानाच, ४ डिसेंबर १९६७ रोजी तो गेला. उरलेली दृश्यं बदली नट उभा करून उरकण्यात आली.