पार्श्वभूमी: ऑर्फन पॅकेज सांभाळायचं कुणी?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या) मशीनशेजारचा संगणक वर्षानुवर्षं तसाच चालू असतो. त्यावर जी-कोड, म्हणजे मशीनला दिलेल्या आज्ञा, तपासणारी पायथन २ मधली एखादी छोटी स्क्रिप्ट असते. डिस्क गेली म्हणून डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली नव्याने टाकली, की स्क्रिप्टची खिडकीच उघडत नाही. पायथन २.७ बसवता येतं, पण खिडक्या-बटणं दाखवणारी पायजीटीके ही लायब्ररी डेबियनच्या रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजांच्या (बसवायला तयार सॉफ्टवेअरच्या) अधिकृत साठ्यात, नाही. ‘इम्पोर्ट जीटीके’ या ओळीवर सगळं थांबतं.

पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. त्यावर उभ्या असलेल्या पॅकेजांवर डेबियनमध्ये बग नोंदले गेले आणि टप्प्याटप्प्याने त्यांची तीव्रता ‘रिलीज-क्रिटिकल’पर्यंत, म्हणजे पुढची आवृत्ती अडवण्याइतकी, चढवली गेली. असा बग सुटला नाही तर पॅकेज टेस्टिंग शाखेतून (जिच्यातून पुढची आवृत्ती घडते) आपोआप निघतं, ही व्यवस्था २०१३ पासूनची. त्यावर अवलंबून असलेली पॅकेजंही सोबत जातात; मोजकी ‘की’ (कळीची) पॅकेजं तेवढी वगळलेली.

खरा गोंधळ ‘ऑर्फन’ या शब्दाचा. पॅकेज ऑर्फन (अनाथ) झालं म्हणजे डेबियनसाठी ते बांधणाऱ्याने जबाबदारी सोडली, इतकंच. मूळ प्रकल्प जोरात चालू असू शकतो. पायजीटीकेचं दुखणं उलट होतं: मूळ प्रकल्पच थांबलेला, तिथे नवा सांभाळणारा आणून उपयोग नव्हता. त्याहून अवघड तिसरी अवस्था, म्हणजे कागदावर नाव आहे पण माणूस उत्तरच देत नाही. पूर्वी अशी पॅकेजं नुसती पडून राहायची. २०१८ मध्ये डेबियनने ‘सॅल्व्हेज’ची, म्हणजे असं पॅकेज दुसऱ्याने ताब्यात घेण्याची, रीत घातली: हेतू बगमध्ये जाहीर करायचा, २१ दिवस थांबायचं, हरकत आली नाही तर अपलोड करायचं, तेही आणखी ७ दिवसांच्या विलंब-रांगेतून. ही मुदत जाचक वाटते, पण ती हवीच. त्याच वर्षी आर्च या दुसऱ्या लिनक्सच्या एयूआरमध्ये (वापरकर्त्यांनीच चालवलेल्या पॅकेज-साठ्यात) एक ऑर्फन पीडीएफ-वाचक कुणीतरी दत्तक घेतला आणि त्यात घातक कोड घुसवला. तिथे दत्तक घ्यायला एक खातं पुरत होतं.

पायजीटीकेसारखी पॅकेजं काढून टाकण्याचा निर्णय योग्यच होता. वापरणाऱ्याला मात्र त्याची नीट खबर मिळत नाही. रिपॉझिटरीतून गेलेलं पॅकेज जुन्या संगणकावर गुमान राहतं आणि त्याला सुरक्षा-दुरुस्ती येणं बंद होतं. म्हणून अपग्रेडनंतर एपीटीकडून (डेबियनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाकडून) ‘ऑब्सोलीट’, म्हणजे रिपॉझिटरीत आता नसलेल्या, पॅकेजांची यादी मागावी. बसवलेल्यांपैकी ऑर्फन कोणती, ते डेव्हस्क्रिप्ट्स या पॅकेजमधली ‘डब्ल्यूएनपीपी-अलर्ट’ ही आज्ञा सांगते. सर्रास वापरला जाणारा ‘होल्ड’ (पॅकेज आहे त्या आवृत्तीवर रोखून धरणं) इथे उपाय नाही: एक पॅकेज जुन्या आवृत्तीवर अडकलं, की त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची अपडेटंही अडून राहू शकतात.