पेनड्राइव्ह फॉरमॅट केला म्हणजे आधार पुसलं गेलं?

नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ प्रिंट काढून झाल्या की अनेक जण दुकानातच पेनड्राइव्हवरचं आधार, सातबारा डिलीट करतात. ‘रिसायकल बिनमध्ये जात नाही, म्हणजे कायमचं गेलं,’ हा समज जुना, आणि साफ चुकीचा. क्विक फॉरमॅटनेही फक्त फाइलींची यादी पुसली जाते. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर जागेवरच असतो; फोटोरेकसारखं फुकटचं सॉफ्टवेअर तो उकरून काढतं. पेनड्राइव्ह कुणाला देण्याआधी विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ची टिक काढून फॉरमॅट करा, मग सगळीकडे शून्यं लिहिली जातात. वेळ लागतो, लागू द्या. कागदपत्रं व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरच्या, पासवर्डने कुलूपबंद केलेल्या फाइलीत ठेवलेली बरी; पण ती उघडायला त्या संगणकावर अ‍ॅडमिनचा, म्हणजे पूर्ण नियंत्रणाचा, अधिकार लागतो, तो दुकानात कोण देणार? प्रिंटपुरता वेगळा पेनड्राइव्ह न्या, लागेल तेवढीच फाइल टाकून.