सोलापुरातून फूड ॲडिटिव्ह आयात करताना: परवाने, कागदपत्रं आणि पोत्यावरचं लेबल

मागच्या उन्हाळ्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक सरबतवाले माझ्याकडे आले. मोबाईलवर सायट्रिक ॲसिडच्या पोत्याचा फोटो होता. २५ किलोचं पोतं, निळी छपाई, बहुतेक मजकूर चिनी, आणि उत्पादनाची तारीख कुठेच नाही. माल मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात उतरलेला, पैसेही देऊन झालेले. "इथून स्टिकर छापून पाठवला तर चालेल का?" एवढंच त्यांना हवं होतं. मला नाही म्हणावं लागलं. त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगतोय: आधी लेबल बघा, मग ऑर्डर द्या.

आधी परवान्याचं. बहुतेकांकडे अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयातून मिळालेला राज्य परवाना किंवा नोंदणी असते, आणि तेवढ्यावर आयात होईल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. खाद्यपदार्थ आणि ॲडिटिव्ह (चव, रंग, टिकाऊपणा यासाठी पदार्थात मिसळायचे घटक) यांच्या आयातीला एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, केंद्रीय परवानाच लागतो. तुमचा १४ अंकी क्रमांक काढून बघा. ११५ ने सुरू होत असेल तर तो महाराष्ट्राचा, १०० ने सुरू होत असेल तर केंद्राचा. अर्ज फॉसकॉस या एफएसएसएआयच्या परवाना पोर्टलवर करायचा, व्यवसायाचा प्रकार 'आयातदार' निवडायचा आणि उत्पादनांत ॲडिटिव्हचा गट घालायला विसरायचं नाही. जागेचा पुरावा, मालक किंवा संचालकांचे ओळखपत्र, जबाबदार व्यक्तीचं नामनिर्देशन आणि आयईसी एवढी कागदं जोडावी लागतात.

आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड. तो डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर ५०० रुपयांत निघतो आणि तुमचा पॅन क्रमांक हाच तो कोड असतो. आयईसीवरचा पत्ता आणि एफएसएसएआय परवान्यावरचा पत्ता जुळलाच पाहिजे. एकीकडे घरचा पत्ता आणि दुसरीकडे चिंचोळी एमआयडीसीचा प्लॉट, यात अनेकांचे अर्ज परत आले आहेत. आणखी एक: आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात ऑनलाइन तपासून 'अपडेट' करावी लागते. काही बदललं नसलं तरी करायची. राहिलं तर कोड बंद पडतो, आणि ते बहुधा माल समुद्रात असताना कळतं. बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलन व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेच्या क्रमांकाचं) पत्र घेऊन तो कोड आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर त्या बंदरासाठी नोंदवणं हेही याच टप्प्यात उरकून घ्या.

आता माल चालतो की नाही ते. ॲडिटिव्हची यादी २०११ च्या अन्न उत्पादन मानके व ॲडिटिव्ह नियमांत आहे. प्रत्येकाला आयएनएस हा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो: सायट्रिक ॲसिड आयएनएस ३३०, सोडियम बेंझोएट २११, झँथन गम ४१५, पेक्टिन ४४०. नुसतं नाव यादीत असून भागत नाही, तुमच्या पदार्थाच्या गटात ते किती प्रमाणात चालतं हेही बघावं लागतं. यादीत नसलेला घटक आणायचा असेल तर २०१७ च्या 'नॉन-स्पेसिफाइड फूड' (मानकं न ठरलेले पदार्थ) नियमांखाली आधी मंजुरी घ्या. ती नसताना माल मागवणं म्हणजे पैसे पाण्यात.

बेकरीवाल्यांना कळकळीची विनंती. ब्रेड इम्प्रूव्हरसारखं (ब्रेड फुगावा, मऊ राहावा म्हणून पिठात घालायचं) मिश्रण मागवताना त्यातल्या प्रत्येक घटकाचं नाव, आयएनएस क्रमांक आणि टक्केवारी पुरवठादाराकडून लेखी घ्या. पिठात घातला जाणारा पोटॅशियम ब्रोमेट भारतात २०१६ पासून बंद आहे, पण काही देशांत आजही चालतो. तिथल्या तयार मिश्रणात तो असू शकतो.

पुरवठादाराकडून लागणारी कागदं अशी: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती), मूळ देशाचं प्रमाणपत्र, त्याच बॅचचं ॲनालिसिस सर्टिफिकेट (प्रयोगशाळेतल्या तपासणीचा अहवाल) आणि स्पेसिफिकेशन शीट. यात 'त्याच बॅचचं' हे शब्द महत्त्वाचे. मागच्या वर्षीचं सर्टिफिकेट पुढे पाठवण्याची सवय बऱ्याच पुरवठादारांना आहे. पोत्यावरचा बॅच नंबर आणि कागदावरचा नंबर शेजारी ठेवून तपासा.

लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवं. ॲडिटिव्हचं नाव, आयएनएस क्रमांक, ते खाद्यवापरासाठी असल्याचा उल्लेख, निव्वळ वजन, बॅच, उत्पादनाची तारीख, मुदत, उत्पादकाचं नाव-पत्ता हे सगळं उत्पादकाकडूनच छापून आलं पाहिजे. बंदरात, कस्टम्सच्या ताब्यातल्या गोदामात, न निघणारा एकच स्टिकर लावून दुरुस्त करता येतात त्या गोष्टी मोजक्याच: आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह, अशा. तारीख नसेल तर ती स्टिकरने येत नाही. सरबतवाल्यांचं तिथेच अडलं.

मुदतीचा नियम अनेकजण चुकीचा सांगतात. आयातीच्या वेळी एकूण मुदतीपैकी ६० टक्के किंवा तीन महिने, यातलं जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक हवी. दोन वर्षांच्या मुदतीच्या सायट्रिक ॲसिडला तीन महिने पुरतात. चार महिन्यांच्या मुदतीच्या मालाला ६० टक्के, म्हणजे सुमारे ७२ दिवस.

सीएचए, म्हणजे कस्टम्स ब्रोकर, आइसगेटवर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची कस्टम्सकडची नोंद, भरतो. जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती भरलेली हवी, सुट्टीचा दिवसही त्यात धरतात. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकार पडतो. शिवाय कंटेनर पडून राहिला की डेमरेज (बंदरात पडून राहिल्याचं भाडं) आणि डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचं भाडं) वेगळं. सोलापूरपासून बंदर सुमारे ४०० किलोमीटर, "उद्या येऊन बघतो" म्हणेपर्यंत मीटर चालूच असतो.

कस्टम्सच्या सिंगल विंडो, म्हणजे एक खिडकी, व्यवस्थेमुळे तीच एंट्री एफएसएसएआयकडेही जाते. तिथले अधिकारी कागदं तपासतात, माल आणि लेबल प्रत्यक्ष बघतात आणि गरजेनुसार नमुना घेतात. नमुन्याचे दोन भाग होतात. एक प्रयोगशाळेत जातो, तिला अहवालासाठी पाच दिवस असतात. दुसरा राखून ठेवतात. अहवाल चांगला आला तर एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र. नापास झाला तर राखलेला भाग फेरतपासणीच्या (रेफरल) प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी शुल्क भरून करता येते. एनओसी मिळाली आणि ड्यूटी भरली की मगच 'आउट ऑफ चार्ज', म्हणजे माल बाहेर न्यायची कस्टम्सची परवानगी, मिळते.

सायट्रिक ॲसिड, बेंझोएट असा माल कस्टम्सच्या २९ व्या प्रकरणात, रसायनांत मोडतो. त्यामुळे "इंडस्ट्रियल वापर लिहा, एफएसएसएआयची कटकट नको" असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. खोटी नोंद कस्टम्स कायद्यात माल जप्तीचं कारण ठरते. त्याहून वाईट हे, की इंडस्ट्रियल मालात शिसं, आर्सेनिक किती आहे याची कुणी हमी दिलेली नसते, आणि तो लोकांच्या पोरांच्या ग्लासात जातो.

महिन्याला पाच-दहा पोती लागत असतील तर मी आयात करू नका असंच सांगतो. मशीद बंदरच्या वडगादीत परवानाधारक आयातदार आहेत. त्यांच्याकडून पक्क्या बिलावर, बॅचच्या सर्टिफिकेटसह घ्या. सांगोल्याच्या डाळिंबाचा रस काढणारे काहीजण एकत्र येऊन एकाच परवान्यावर कंटेनर आणणार असतील, तर हिशेब बसू शकतो.

माल सोलापुरात आला तरी दोन कामं उरतात. बिल ऑफ एंट्री बँकेकडे देऊन परदेशी पाठवलेल्या पैशांची आयडीपीएमएसमधली (आयात पेमेंटवर लक्ष ठेवणारी रिझर्व्ह बँकेची यंत्रणा) नोंद मिटवायची. आणि ३१ मेपर्यंत फॉसकॉसवर डी-१ वार्षिक विवरण भरायचं. ते आयातदारालाही लागू आहे, उशिराला रोज १०० रुपये.