जमिनीखालच्या मलवाहिनीची गळती: दीडशे वर्षांच्या शोधाची पार्श्वभूमी

पिण्याच्या पाण्याची लाइन फुटली की ती स्वतःच सांगते. आत दाब असतो, त्यामुळे पाणी रस्त्यावर उसळतं, आणि उसळलं नाही तरी जमिनीला श्रवणयंत्र लावून त्याचा आवाज ऐकता येतो. ड्रेनेज लाइनमध्ये दाब नसतो. सांडपाणी उतारावरून आपल्या गतीने वाहतं, पाईप बहुतेक वेळ अर्धा रिकामा असतो आणि सांध्यातून झिरपणारं पाणी आवाज न करता मातीत मुरतं. म्हणूनच या गळतीचा पत्ता बराच काळ माणसं आजारी पडल्यावरच लागत असे. तिच्या शोधाचा इतिहास साथींच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

लंडनच्या सोहो भागात 1854 च्या ऑगस्टअखेर कॉलऱ्याने थैमान घातलं आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कॉलरा पाण्यातून पसरतो असं म्हणणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपावर बोट ठेवलं आणि 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला, इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. आपल्या विषयासाठी महत्त्वाचा भाग त्यानंतरचा आहे. साथीनंतर त्या पंपाखालची विहीर उघडून आतून तपासली गेली. विटांच्या बांधकामात कुठेही भोक किंवा भेग दिसली नाही, तेव्हा घाण आत येतच नसावी असा अर्थ निघाला. स्नोंच्या म्हणण्याला हा मोठाच धक्का होता.

तिथले धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना स्नोंचं म्हणणं सुरुवातीला पटलेलं नव्हतं. पण घरोघर चौकशी करताना आणि मृत्यूच्या नोंदी चाळताना त्यांना विहिरीला लागून असलेल्या 40 क्रमांकाच्या घरातल्या एका तान्ह्या बाळाची नोंद सापडली. साथ भडकण्याच्या आधीच ते बाळ जुलाबाने आजारी पडलं होतं, आणि त्याची आई दुपट्यांचं पाणी घरापुढच्या मैलाखड्यात ओतत होती. मग 1855 च्या वसंतात सर्वेक्षक जेहोशाफाट यॉर्क यांनी तिथे खोदकाम केलं. मैलाखड्याच्या विटा इतक्या सैल झाल्या होत्या की हाताने निघत होत्या. घराच्या मोरीच्या तळाचा आणि बाजूंचा चुना झडून तिची अक्षरशः चाळण झाली होती. मैलाखडा आणि विहीर यांच्यात जेमतेम पावणेतीन फुटांचं अंतर होतं आणि मधली माती चिंब होती.

आतून पाहिलं तेव्हा विहीर धडधाकट दिसली. बाहेरून खोदल्यावर खरं काय ते कळलं. नुसतं पाहून गळती कळत नाही, हा धडा तिथे मिळाला होता. पुढच्या दीडशे वर्षांत तो पुन्हा पुन्हा शिकावा लागला, असं मला हा इतिहास वाचताना वाटतं.

पण प्रत्येक ठिकाणी खोदणं शक्य नसतं. न खोदता पुरावा कसा मिळवायचा, याचा एक सुंदर नमुना 1872 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लाउझन गावाने दिला. जेमतेम आठशे वस्तीच्या त्या गावात टायफॉइडचे शंभराहून जास्त रुग्ण झाले. ज्या घरांना स्वतःच्या विहिरी होत्या ती वाचली. गावाच्या झऱ्याचं पाणी पिणारी आजारी पडली. डोंगरापलीकडच्या एका शेतघरात आधी रुग्ण होते आणि त्यांची घाण तिथल्या ओढ्यात जात होती. डॉ. हेगलर यांनी पलीकडच्या बाजूला पाण्यात भरपूर मीठ विरघळवलं. लाउझनच्या झऱ्याला खारटपणा आला, म्हणजे वाट होती. मग त्यांनी पाण्यात पीठ कालवलं. पिठाचा कण इकडे उतरला नाही. पाणी मातीतून गाळून येत होतं, तरीही रोग आला होता. पाच वर्षांनी, 1877 मध्ये, जर्मनीत डॅन्यूब नदीचं जमिनीत गडप होणारं पाणी आख नदीच्या उगमातून बाहेर येतं हे फ्लुओरेसिनच्या हिरव्या रंगाने सिद्ध झालं. तोच रंग आजही ड्रेनेजच्या चेंबरमध्ये टाकून कुठे निघतो ते पाहिलं जातं.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाला घाई आली ती राजवाड्यातून. युवराज एडवर्ड 1871 मध्ये स्कारबरोमधल्या एका हवेलीत पाहुणचार घेऊन आले आणि टायफॉइडने मरता मरता वाचले. त्याच हवेलीत उतरलेले चेस्टरफील्डचे अर्ल मात्र गेले, आणि युवराजांचा एक मोतद्दारही गेला. दोष तिथल्या मोऱ्यांना दिला गेला आणि श्रीमंतांच्या घरांतले ड्रेनेज तपासण्याचा नवा व्यवसायच उभा राहिला. गटारातल्या हवेनेच रोग होतो, ही तेव्हाची समजूत चुकीची होती, पण तिने तपासण्या मात्र घडवल्या.

त्यातली पेपरमिंटची चाचणी मला फार आवडते. एक माणूस छपरावर जाऊन संडासाच्या उभ्या पाईपात पेपरमिंटचं तेल ओतायचा आणि वरून गरम पाणी सोडायचा. दुसरा खाली घरात खोलीखोलीतून वास घेत फिरायचा. जिथे पेपरमिंटचा वास, तिथे पाईपला वाट. अट एकच होती: ओतणाऱ्याने तपासणी संपेपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही, कारण त्याच्या कपड्यांच्या वासाने सगळी चाचणी फुकट जायची. नंतर धूर आला. तेलकट चिंध्या जाळून भात्याने धूर पाईपात भरायचा आणि तो कुठून डोकावतो ते पाहायचं. आज पंख्याने धूर सोडतात, तत्त्व तेच आहे.

धुराची मर्यादाही तेव्हाच लक्षात आली. वरच्या बाजूची भेग तो दाखवतो. तळाचा, पाण्याखाली बुडालेला सांधा त्याला सापडत नाही, आणि खरी गळती तर तिथेच असते. म्हणून पाण्याची चाचणी आली. खालचं तोंड बंद करायचं, लाइन पाण्याने भरायची आणि पातळी उतरते का ते पाहायचं. ही सर्वांत प्रामाणिक चाचणी. भारतीय मानकानुसार चिनी मातीच्या पाईपांची नवी लाइन मातीने झाकण्यापूर्वी किमान 2.5 मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाखाली तपासायची असते. ही एक पायरी नीट पाळली तर पुढचा किती शोध वाचेल! जुन्या, वाहत्या लाइनवर मात्र ही चाचणी अवघड, कारण वरच्या वस्तीचं सांडपाणी तेवढा वेळ थांबवणार कुठे?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाईपात कॅमेरा गेला. अमेरिकेत 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्याने, केंद्राचा निधी हवा असेल तर मलवाहिन्यांत बाहेरचं पाणी किती शिरतं ते मोजणं शहरांना भाग पाडलं, आणि कॅमेऱ्याचं काम वाढलं. लंडनमध्ये एरिक वुड यांनी 1971 मध्ये जुन्या गटारात राळेत भिजवलेलं अस्तर घालून ते आतून नवं केलं होतं. खोदाईशिवाय दुरुस्ती शक्य झाल्यावर दोष नेमका कुठे आहे हे कळण्याची किंमत वाढली. पुढे ब्रिटनमध्ये कॅमेऱ्यात दिसणाऱ्या भेगा, सरकलेले सांधे, घुसलेली झाडांची मुळं यांना ठरावीक सांकेतिक नावं आणि श्रेणी देण्याची पद्धत बसली.

तरीही सोहोचीच अडचण उभी राहिली. कॅमेरा भेग दाखवतो, तिच्यातून पाणी जातं की नाही ते सांगत नाही. भयंकर दिसणारी भेग मातीने आणि गाळाने लिंपली गेलेली असू शकते. ठाकठीक दिसणाऱ्या सांध्यातलं रबर कुजलेलं असू शकतं. शिवाय एकाच भेगेतून पावसाळ्यात भूजल आत येतं आणि उन्हाळ्यात मैलापाणी बाहेर जातं, त्यामुळे कधी पाहिलं यावरही उत्तर बदलतं.

यावरचा अलीकडचा तोडगा विजेचा आहे. चिनी माती, काँक्रीट आणि प्लास्टिक ही वीज सहज वाहू देत नाहीत. पाण्याने भरलेल्या पाईपातून विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) ओढत न्यायचं आणि दुसरं टोक जमिनीत रोवायचं. पाईप अखंड असेल तिथे प्रवाह नगण्य राहतो. जिथे पाणी बाहेर जाऊ शकतं तिथे विजेलाही वाट मिळते आणि प्रवाह उसळतो. डोळ्याला न दिसणारा सांधाही असा सापडतो. अमेरिकेत 2006 मध्ये या पद्धतीचं मानक निघालं. लोखंडी पाईपांना ती लागू पडत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न जास्त जिवावरचा आहे, कारण आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक तासच येतं. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतला दाब जातो, आणि शेजारच्या ड्रेनेजमधून झिरपलेलं पाणी तिच्या सैल सांध्यातून आत ओढलं जातं. कोल्हापुरात 1981 मध्ये पाण्यावाटे पसरलेल्या काविळीच्या साथीचा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने अभ्यास केला होता. 2012 मध्ये इचलकरंजीत पुन्हा काविळीने माणसं गेली. कारण होतं हेपॅटायटिस-ई हा विषाणू, जो मैलामिश्रित पाण्यातून पसरतो.

अशा वेळी पालिकेचे कर्मचारी गल्लीत येतात आणि नळाच्या पाण्याची ‘ओटी टेस्ट’ करतात. पाण्यात ऑर्थोटोलिडीन (ओटी) या रसायनाचे दोन थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे. एका घरी पिवळा, दोन घरं सोडून रंगच नाही, तर मधे कुठेतरी घाण आत शिरत असावी, कारण ती क्लोरीन खाऊन टाकते. मग तेवढ्या पट्ट्यात खोदाई. स्वस्त आणि कामाची युक्ती आहे, पण ती मिसळ झाल्यानंतरचीच.

आणि ही मिसळ शोधण्यासाठी किंवा तुंबलेली लाइन मोकळी करण्यासाठी माणसाला मॅनहोलमध्ये उतरवण्याची रीत आपल्याकडे फार काळ चालली. 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांविना गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि 2023 मध्ये ती तीस लाखांवर नेली. तरी मृत्यू थांबलेले नाहीत. कॅमेरा, धूर आणि वीज ही साधनं आज हाताशी आहेत. गाळ यंत्राने उपसून लाइन आधी मोकळी केली की आपल्या चिनी मातीच्या आणि काँक्रीटच्या मलवाहिन्यांवर ती तिन्ही चालतात, आणि त्यातल्या एकाही साधनासाठी माणसाला आत जावं लागत नाही.