अमेरिकेत भाड्याची गाडी चालवताना: ब्रिटनहून जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

हे पत्रक विमानात वाचायचं नाही, निघण्याच्या आठवडाभर आधी वाचायचं आहे. यातली काही कामं घरी असतानाच उरकावी लागतात.

लंडनच्या पश्चिमेला आमचं छोटं ऑफिस आहे आणि आमच्याकडे येणारी बरीचशी कुटुंबं स्लाव, हॅरो, रेडिंग भागातली मराठी माणसं आहेत. अमेरिकेची सहल ठरवताना हॉटेलांबद्दल तासभर बोलणं होतं. गाडीचा विषय मात्र "गाडी काय, इथे रोज चालवतोच की" एवढ्यावर संपतो. इथली आणि पुण्या-मुंबईची सवय एकच आहे, डाव्या बाजूची. तिथे ती बदलावी लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

उतरल्या रात्री गाडी घेऊ नका

दुसरं काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा. लंडनहून लॉस एंजेलिसला सुमारे अकरा तास लागतात आणि घड्याळ आठ तास मागे जातं. तिथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात तेव्हा तुमच्या शरीराच्या हिशेबाने पहाटेचे दोन वाजलेले असतात. अशा वेळी इमिग्रेशनची रांग, सामान, शटल बस आणि काउंटर आटोपून तुम्ही एका अनोळखी गाडीत बसता. स्टिअरिंग डाव्या हाताला असतं, रस्ता उजवीकडचा असतो आणि पाच मिनिटांत समोर पाच पदरी फ्रीवे येतो.

आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो तेव्हा असंच केलं होतं. रात्री नऊच्या सुमारास हॉटेलच्या रस्त्यावर डावीकडे वळताना सरळ उलट्या बाजूला शिरलो. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून निभावलं. मुलं मागे झोपलेली होती. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला हेच सांगतो: पहिली रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढा, तिथे हॉटेलच्या शटलने जा आणि गाडी सकाळी उजेडात घ्या. त्यासाठी बुकिंगची तारीख बदलून द्यायचे पैसे आम्ही घेत नाही. गाडीचं एका दिवसाचं भाडंही वाचतं.

घरून निघण्यापूर्वी

ब्रिटनचं फोटोकार्ड लायसन्स जवळपास सगळीकडे चालतं. कार्ड जवळच हवं, मोबाइलमधला फोटो धरत नाहीत. काही ठिकाणी काउंटरवर आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात. हा परवाना १ एप्रिल २०२४ पासून पोस्ट ऑफिसात मिळत नाही. तो पेपॉइंटच्या दुकानांत मिळतो, साडेपाच पौंडांना, आणि बारा महिने चालतो. हा परवाना ज्या आंतरराष्ट्रीय कराराखाली निघतो त्याच्या वर्षावरून ओळखतात, म्हणून मागताना '१९४९ चा' असं स्पष्ट सांगा. दुकानात १९६८ चाही असतो, पण अमेरिकेसाठी १९४९ चाच लागतो. साडेपाच पौंडांसाठी काउंटरवर वाद नको, एवढाच आमचा विचार.

डीव्हीएलएच्या, म्हणजे ब्रिटनमध्ये लायसन्स देणाऱ्या खात्याच्या, संकेतस्थळावरून लायसन्सचा 'चेक कोड'ही काढून ठेवा; त्यावरून गाडीच्या कंपनीला तुमच्या लायसन्सची नोंद पाहता येते. तो २१ दिवसच चालतो, म्हणून फार आधी काढू नका.

पुण्याहून आई-बाबा येणार असतील आणि बाबाही थोडा वेळ गाडी चालवणार असतील, तर त्यांचा आंतरराष्ट्रीय परवाना भारतातल्या आरटीओतूनच निघतो. इथे आल्यावर त्यांना तो मिळणार नाही. शिवाय जो कोणी चालवणार त्याचं नाव करारात हवं. नाव नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो.

आणखी एक गोष्ट. ज्याच्या नावावर गाडी, त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. कंपनी त्यावर काही शे डॉलर अडकवून ठेवते आणि गाडी परत केल्यावर ती रक्कम मोकळी होते. डेबिट कार्डवर भरवसा ठेवू नका. मुख्य चालक पंचवीसपेक्षा लहान असेल तर रोजचा जादा आकार पडतो, आणि बऱ्याच ठिकाणी एकवीसच्या आत गाडीच मिळत नाही.

काउंटरवरची सही

पैसे सगळ्यात जास्त इथे जातात, म्हणून ही बाजू नीट समजून घ्या.

ब्रिटनमध्ये गाडीच्या विम्यात दुसऱ्या माणसाला झालेल्या इजेची भरपाई कायद्यानेच अमर्याद असते. अमेरिकेत तसं नाही. तिथे प्रत्येक राज्याची किमान मर्यादा वेगळी आणि पुष्कळदा फार कमी असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ ला ती वाढवली, तरीही एका माणसाच्या इजेसाठी ती फक्त ३०,००० डॉलर आहे. तिथल्या हॉस्पिटलचं बिल ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही रक्कम किती तोकडी आहे हे सांगायला नको. म्हणून दोन गोष्टी हव्यातच. एक, गाडीच्या नुकसानीची माफी, म्हणजे भाड्याच्या गाडीचं नुकसान झालं तर कंपनी त्याची भरपाई तुमच्याकडून मागत नाही. दुसरी, लोकांच्या नुकसानीसाठीचा वाढीव विमा, जो बहुधा दहा लाख डॉलरपर्यंतचा असतो. पहिलीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण घर विकायची वेळ आणू शकते ती दुसरी नसणं.

ब्रिटनमधल्या ग्राहकांसाठीच्या दरात या दोन्ही बहुधा धरलेल्या असतात. अमेरिकेत राहणाऱ्यांच्या दरात नसतात, कारण त्यांचा स्वतःच्या गाडीचा विमा भाड्याच्या गाडीलाही लागू होतो. न्यू जर्सीतल्या भावाने त्याच्या खात्यावरून 'निम्म्या किमतीत' गाडी काढून दिली, तर ती स्वस्त का, हे आता तुमच्या लक्षात येईल. असं बुकिंग करण्याआधी आम्हाला एक फोन करा, गाडी आमच्याकडून घेणार नसलात तरी चालेल.

काउंटरवरची व्यक्ती गोड बोलून मोठी गाडी, रस्त्यावरची मदत, आगाऊ पेट्रोल असं बरंच काही सुचवेल. तुमच्या व्हाउचरवर आम्ही 'आधीच घेतलेलं' असा चौकोन आखून दिला आहे. तो समोर धरा आणि स्क्रीनवर सही करण्यापूर्वी शेवटची रक्कम मोठ्याने विचारा. पेट्रोल 'भरलेली घ्या, भरून द्या' याच अटीवर घ्या. मग गाडीभोवती फिरून चारही बाजूंचा, टायरचा आणि काचेचा व्हिडिओ काढा.

उजव्या बाजूची सवय

गाडी ऑटोमॅटिक असणार. डावा पाय सीटखाली मागे ओढून ठेवा. क्लचच्या सवयीने तो रुंद ब्रेकवर पडला तर मागची गाडी आदळते. पहिली दहा मिनिटं कंपनीच्या आवारातच फिरवा.

नियम एकच लक्षात ठेवा: चालक नेहमी रस्त्याच्या मध्यरेषेकडे. इथेही तसंच आहे, फक्त बाजू उलटली. वळताना म्हणा, उजवं वळण छोटं, डावं वळण मोठं. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर हे मोठ्याने म्हणायचं, आणि चालवणाऱ्याने त्यावर रागवायचं नाही. सुरुवातीला गाडी नकळत उजव्या कडेला सरकते, तेही शेजारच्यानेच सांगायचं.

गर्दीत चूक होत नाही, कारण पुढच्या गाडीमागे आपण जातो. चूक होते ती मोकळ्या रस्त्यावर: पहाटे मोटेलमधून निघताना, पेट्रोल भरून बाहेर पडताना, डोंगरातल्या फोटोच्या थांब्यानंतर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत्मविश्वास आलेला असतो, तेव्हा विशेष जपा.

सिग्नल, स्टॉप आणि पिवळी बस

सिग्नल चौकाच्या पलीकडे टांगलेले असतात. इथल्यासारखं त्यांच्याजवळ जाऊन थांबलात तर तुम्ही चौकाच्या मधोमध उभे असाल. पांढऱ्या रेषेवर थांबा. लाल-पिवळा एकत्र लागत नाही, लालनंतर थेट हिरवा येतो.

लाल असतानाही उजवीकडे वळता येतं, पण आधी गाडी पूर्ण थांबवून, पादचारी आणि डावीकडून येणारी वाहनं पाहून, आणि तिथे मनाईची पाटी नसेल तरच. न्यूयॉर्क शहरात हे उलट आहे: परवानगीची पाटी असेल तरच वळायचं.

गोलाकार चौक फार कमी. त्याऐवजी चारही बाजूंना स्टॉपची पाटी असलेले चौक भेटतात. प्रत्येकाने पूर्ण थांबायचं, जो आधी आला तो आधी जाईल, आणि दोघं एकाच वेळी आले तर उजवीकडच्याला वाट द्यायची. रस्ता रिकामा असला तरी चाक थांबलंच पाहिजे.

शाळेच्या पिवळ्या बसबद्दल मात्र कळकळीने सांगतो. बसचे लाल दिवे लुकलुकत असतील आणि बाजूचा स्टॉपचा हात बाहेर आला असेल, तर तिच्यामागून येणाऱ्यांनी थांबायचं आणि समोरून येणाऱ्यांनीही. मधे दुभाजक असेल तर बहुतेक राज्यांत समोरच्यांना सूट आहे, पण शंका असेल तर थांबाच. मुलं बससमोरून रस्ता ओलांडतात. ब्रिटनमध्ये असा नियम नाही, त्यामुळे आपला पाय आपोआप ब्रेकवर जात नाही. दंड तर मोठा आहेच, पण मुद्दा दंडाचा नाही.

पोलिसांनी थांबवलं तर

मागे लाल-निळे दिवे दिसले की उजव्या कडेला सुरक्षित जागी थांबा. गाडीतून उतरू नका. आपल्याकडे खाली उतरून साहेबांकडे जाणं म्हणजे अदब. तिथे ती धोक्याची खूण समजली जाते. काच खाली करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, आणि कागद काढण्यापूर्वी "ग्लव्ह बॉक्समधून करार काढतो" असं सांगून मगच हात हलवा. मागे बसलेल्या आजी-आजोबांनाही हे आधी समजावून ठेवा. दंड जागेवर रोख देऊ करू नका.

दारूबद्दल एकच वाक्य: चालवणाऱ्याने घ्यायची नाही, आणि उघडी बाटली पुढे-मागे कुठेही ठेवायची नाही.

पेट्रोल

तिथे पेट्रोलला 'गॅस' म्हणतात. ब्रिटनमध्ये हिरवी नळी पेट्रोलची आणि काळी डिझेलची असते. अमेरिकेत हिरवी नळी पुष्कळदा डिझेलची असते. रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा. भाड्याच्या गाडीला बहुधा ८७ आकड्याचं 'रेग्युलर' लागतं. इथल्या ९५ पेक्षा तो आकडा कमी दिसतो, कारण मोजायची पद्धत वेगळी आहे.

पंप कार्ड घातल्यावर झिप कोड (तिथला पिनकोड) मागतो आणि ब्रिटनचं कार्ड तिथे अडतं. आत जाऊन पंपाचा नंबर सांगा आणि अंदाजे रक्कम आधी भरा, उरलेली परत मिळते. तिथला गॅलन ३.७९ लिटरचा, आपला ४.५५ लिटरचा. मायलेजचा हिशेब करताना हे धरा.

टोल आणि मुलांच्या सीट

रोख टोल आता बऱ्याच ठिकाणी उरलेला नाही. गोल्डन गेट पुलावर २०१३ पासून सगळं कॅमेऱ्यावर चालतं, आणि टोल सॅन फ्रान्सिस्कोकडे येतानाच पडतो. स्वतः ऑनलाइन भरला नाहीत तर बिल गाडीच्या कंपनीकडे जातं आणि ती वर आपला आकार लावते. ऑरलँडो विमानतळावरून गाडी घेऊन तिथेच परत करणार असाल, तर विमानतळावर पर्यटकांसाठीचा टोल पास फुकट मिळतो, तो घ्या. मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या खाली गाडी नेली की ५ जानेवारी २०२५ पासून वेगळा आकार आहे, गर्दीच्या वेळी ९ डॉलर. न्यूयॉर्कमध्ये राहणार तितके दिवस गाडी घेऊच नका, असं आम्ही सांगतो.

घरची मुलांची सीट नेऊ नका, ती तिथल्या मानकांत बसत नाही. मुलाचं वय, वजन आणि उंची आम्हाला कळवा, आम्ही सीट आधी राखून ठेवू. ब्रिटनमध्ये १३५ सेंटिमीटरला सीट सुटते. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालच्या मुलाला उंची सुमारे १४५ सेंटिमीटर होईपर्यंत ती लागते.

परत करताना

तासाभराचा उशीर झाला तरी पूर्ण दिवसाचं भाडं लागू शकतं. विमानतळाजवळच्या पंपाची पावती जपा आणि पुन्हा व्हिडिओ काढा. टोलची बिलं काही आठवड्यांनी कार्डावर येतात. रक्कम कळली नाही तर करार आणि बिल घेऊन ऑफिसात या, आपण एकत्र बसून वाचू.

हीथ्रोच्या पार्किंगमध्ये तुमची स्वतःची गाडी उभी असेल तर तिथेही घाई करू नका. दोन आठवडे उजवीकडून चालवल्यावर पहिल्याच गोल चौकात हात उलटे वळतात. कॉफी घ्या, आणि शेजारच्याला एक दिवस अजून "डावं वळण छोटं" म्हणू द्या.